एका अक्षराचा आजार

नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत एका उपचारपद्धतीची घोषणा झाली. तिचं नाव ‘बिरसा १०१’. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर जनुक-संपादनाच्या तंत्राने भारतीय शास्त्रज्ञांनी भारतातच विकसित केलेली ही पहिली उपचारपद्धती आहे. ती सीएसआयआरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ जिनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी’ या दिल्लीतल्या संस्थेत घडली आणि तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. आदिवासी क्रांतिकारक बिरसा मुंडांच्या जन्माला त्याच महिन्यात दीडशे वर्षं पूर्ण झाली होती.

नाव योग्यच आहे. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहे. नंदुरबारमधले भिल्ल आणि पावरा, मेळघाटातले कोरकू, गडचिरोली-चंद्रपूरकडचे गोंड आणि माडिया अशा अनेक समाजांत तो आढळतो. विदर्भात तो आदिवासींपुरताही नाही. अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीय समाजांतही त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत बालरोग विभागातल्या कुणालाही विचारा, ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, हे शब्द तिथे रोजचे आहेत.

या घोषणेचं स्वागत करताना एक गोष्ट मात्र विसरता येणार नाही. रेणूच्या पातळीवर ज्याचं कारण उलगडलं असा माणसाचा पहिला आजार सिकलसेल. तो उलगडा १९४९ सालचा. त्यानंतर पहिलं परिणामकारक औषध मंजूर व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली आणि जनुकालाच हात घालणारा उपचार यायला चौऱ्याहत्तर. विज्ञान अवघड होतं, हे त्याचं अर्धंच कारण आहे. हा आजार ज्यांना होतो ती माणसं गरीब होती, आफ्रिकेतली, अमेरिकेतली कृष्णवर्णीय, आपल्याकडची आदिवासी आणि दलित होती, हे उरलेलं कारण. अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिस हा प्रामुख्याने गोऱ्यांत आढळणारा आनुवंशिक आजार आहे. त्याचे रुग्ण सिकलसेलपेक्षा कमी असूनही त्यांच्यामागे माणशी कितीतरी जास्त संशोधननिधी खर्च होत आला, हे तिथल्याच अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. म्हणून सिकलसेलची गोष्ट सांगायची तर प्रयोगशाळेची सांगावी लागते आणि पाड्याचीही.

विळ्याच्या आकाराची पेशी

१९०४ साली शिकागोमध्ये दंतवैद्यक शिकायला आलेला ग्रेनाडा बेटावरचा वीस वर्षांचा तरुण खोकला आणि ताप घेऊन रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा गोल तांबड्या पेशींमध्ये लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. तो तरुण मायदेशी परतून दंतवैद्य झाला आणि १९१६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारला. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये नीलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली.

पेशी वाकते का, याचं उत्तर लायनस पॉलिंग यांनी शोधलं. १९४५ मध्ये हार्वर्डचे डॉक्टर विल्यम कॅसल यांच्याकडून त्यांना या आजाराविषयी कळलं आणि दोष पेशीत नसून तिच्यातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत असावा, अशी शंका त्यांच्या मनात आली. हार्वी इटानो आणि इतर सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवलं. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली. ज्यांच्यात आजाराची लक्षणं नव्हती, पण आई किंवा वडिलांकडून दोष आला होता, त्यांच्या रक्तात दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन मिळालं. १९४९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला आणि त्याच्या शीर्षकातच सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटलं होतं. वैद्यकात ही भाषा तेव्हा नवी होती.

पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे लहान तुकडे करून ते ओल्या कागदावर पसरवले. सगळे ठिपके जुळले, एकच हलला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं होतं. डीएनएच्या भाषेत सांगायचं तर अकराव्या गुणसूत्रावर ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ झालं होतं. तीन अब्ज अक्षरांत बदललेलं हे एक अक्षर.

त्या एका अक्षराने काय होतं? व्हॅलिनला पाण्याचा सहवास नको असतो. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की रेणूच्या पृष्ठभागावरचं हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा चिकटतो आणि पेशीच्या आत ताठ तंतू तयार होतात. पेशी वाकते, कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. त्यालाच ‘क्रायसिस’ म्हणतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याची पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून कायमचा पंडुरोग, पिवळे डोळे, धाप. पांथरी निकामी होत जाते, त्यामुळे न्यूमोनियासारखा जंतुसंसर्ग जिवावर बेततो. फुप्फुसं, मूत्रपिंडं, खुब्याचं हाड, मेंदू यांतलं काहीच सुरक्षित राहत नाही.

इतका घातक दोष हजारो वर्षं टिकला, यामागे मलेरिया आहे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं, की आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळतं. असा माणूस म्हणजे वाहक, ‘एएस’. मलेरियाच्या प्रदेशात तो तगला. दोघांकडून दोष आलेला ‘एसएस’ मात्र आजारी पडला. सिकलसेलचा नकाशा आणि मलेरियाचा जुना नकाशा एकमेकांवर ठेवले तर बरेचसे जुळतात. आपल्याकडे गडचिरोली दोन्ही नकाशांवर आहे.

बाळाच्या रक्तातली खूण

उपचाराची दिशा मात्र एका बालरोगतज्ज्ञाच्या निरीक्षणातून मिळाली. ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवलं, की नवजात बाळांच्या रक्तात विळ्याच्या पेशी फार कमी असतात. कारण गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्या तंतू बनू देत नाहीत. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर हे गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करून प्रौढांचं सुरू करतं. म्हणून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घरच्यांना काही जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी त्याचे तळहात-तळपाय सुजतात, ते रडायचं थांबत नाही आणि घरात पहिल्यांदा कळतं की काहीतरी बिघडलं आहे.

काही माणसांत हे गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही चालूच राहतं. अशांना सिकलसेलचा दोष असला तरी त्रास नगण्य होतो. म्हणजे बिघडलेलं अक्षर दुरुस्त न करताही आजार नमवता येतो, याचा पुरावा निसर्गानेच ठेवला होता. हायड्रॉक्सीयुरिया हे कॅन्सरवरचं जुनं औषध गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, हे पुढे लक्षात आलं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत क्रायसिस जवळजवळ निम्म्यावर आले आणि १९९८ मध्ये हे औषध सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांसाठी मंजूर झालं.

पण गर्भातलं हिमोग्लोबिन बंद कोण करतं? २००७-०८ मध्ये युरोपातल्या हजारो माणसांचे जनुकसंच तपासणाऱ्या अभ्यासांनी दुसऱ्या गुणसूत्रावरच्या ‘बीसीएल११ए’ या जनुकाकडे बोट दाखवलं. बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्या विजय शंकरन या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याने २००८ मध्ये सिद्ध केलं, की हे जनुक गप्प केलं की गॅमा साखळी पुन्हा बनू लागते. अडचण अशी की शरीराला हे जनुक इतर ठिकाणी लागतं. प्रतिकारशक्तीच्या पेशींना ते हवं असतं. ते सरसकट काढून टाकणं धोक्याचं होतं. २०१३ मध्ये डॅनियल बाऊर आणि ऑर्किन यांनी या जनुकाच्या आतच एक छोटा टापू शोधला. तो फक्त तांबड्या पेशींच्या कुळात हे जनुक चालू ठेवतो. तेवढाच टापू मोडला तर तांबड्या पेशींत बीसीएल११ए मंदावतं, बाकी शरीरात ते जसंच्या तसं राहतं. लक्ष्य इतकं नेमकं मिळालं होतं, आता तिथवर पोहोचणारं हत्यार हवं होतं.

कात्री

ते हत्यार वर्षभर आधीच हाती आलं होतं. जीवाणू विषाणूंपासून बचावासाठी वापरतात ती ‘क्रिस्पर-कॅस९’ यंत्रणा हव्या त्या ठिकाणी डीएनए कापण्यासाठी वापरता येईल, हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी २०१२ मध्ये दाखवलं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. ही कात्री पत्ता वाचून कापते. आरएनएचा छोटा धागा तिला नेमक्या जागी नेतो आणि कॅस९ हे प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे तोडतं. पेशी तो तुटलेला भाग घाईने जोडते, त्या जोडणीत अक्षरं गळतात आणि टापू निकामी होतो.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्टोरिया ग्रे यांनी नॅशव्हिलच्या रुग्णालयात हा उपचार घेतला. तान्हेपणापासून वेदना सोसणाऱ्या ग्रे या सिकलसेलवर क्रिस्पर उपचार घेणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या रुग्ण. नंतर त्यांनी जाहीर सभांतून आपला अनुभव सांगितला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ नावाने हा उपचार मंजूर केला. क्रिस्परवर आधारलेला, मान्यता मिळालेला जगातला हा पहिला उपचार आहे. मंजुरीच्या वेळी निकालासाठी पुरेसा काळ निरीक्षणाखाली राहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने एकही तीव्र क्रायसिस आला नव्हता. ज्यांच्या आयुष्याचं वेळापत्रकच रुग्णालय ठरवत होतं, त्यांच्यासाठी या आकड्याचं मोल किती असेल, हे सांगायला नको.

पण हा उपचार म्हणजे इंजेक्शन घेऊन घरी जाणं नव्हे. आधी औषधं देऊन अस्थिमज्जेतल्या मूलपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राने वेगळ्या काढतात. त्या कारखान्यात जातात, तिथे संपादन आणि तपासण्या होतात, यात काही महिने जातात. मग रुग्णाला बुसल्फान या जहाल औषधाची केमोथेरपी देऊन त्याची जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि संपादित पेशी शिरेतून सोडतात. केस गळतात, तोंड सोलवटतं, प्रतिकारशक्ती शून्यावर येते, काही आठवडे रुग्णालयात एकट्याने काढावे लागतात. केमोथेरपीमुळे वंध्यत्वाचा धोका असतो. विशीतल्या तरुण-तरुणींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा फार मोठा निर्णय आहे. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरली, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये.

म्हणून पुढचं संशोधन दोन दिशांनी चाललं आहे. पहिली दिशा डीएनए न तोडता अक्षरच बदलण्याची. डेव्हिड लिऊ यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत ‘बेस एडिटिंग’ने सिकलसेलचं अक्षर बदलून ‘मकास्सर’ नावाचं, निसर्गात आढळणारं निरुपद्रवी हिमोग्लोबिन तयार केलं. दुसरी दिशा संपादन करणारी यंत्रणा, म्हणजे ‘संपादक’, थेट शरीरात पाठवण्याची, म्हणजे केमोथेरपी नको, मूलपेशी बाहेर काढायला नकोत. मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या किरण मुसुनुरू आणि रेबेका अहरेन्स-निक्लस यांच्या गटाने यकृताच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावर, एका तान्ह्या बाळासाठी खास बनवलेला असा उपचार यशस्वीपणे दिल्याचं जाहीर केलं. चरबीच्या सूक्ष्म कणांतून संपादक यकृतापर्यंत पोहोचवणं तुलनेने सोपं असतं, अस्थिमज्जेपर्यंत नेणं अजून अवघड आहे. ज्या दिवशी ते साधेल त्या दिवशी सिकलसेलचा इलाज तालुक्याच्या रुग्णालयाच्या आवाक्यात येण्याची शक्यता निर्माण होईल.

दिल्ली, पुणे, पवई

आपल्या शास्त्रज्ञांचं काम या चित्रात कुठे बसतं? दिल्लीच्या संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने ‘फ्रान्सिसेला नोव्हिसिडा’ या जीवाणूचं कॅस९ निवडलं. ते चुकीच्या जागी फार कमी कापतं. त्यात सुधारणा करून त्यांनी ते अधिक कार्यक्षम केलं आणि २०२४ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. कोविडच्या काळात याच गटाने ‘फेलुदा’ ही क्रिस्पर आधारित तपासणी बनवली होती. स्वतःचं प्रथिन हाताशी असणं केवळ अभिमानाचा भाग नाही. परदेशी पेटंटचं ओझं कमी झालं तरच किंमत उतरते.

किंमत उतरते याचा दाखला मुंबईत आहे. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसह कॅन्सरवरची ‘नेक्सकार१९’ ही पेशी-उपचारपद्धती उभी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात ती उपलब्ध झाली. जनुकात बदल केलेल्या पेशी रुग्णाला परत देण्याचं काम आपल्याकडे, आपल्या हातांनी होऊ शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. तरीही दहावा हिस्सा म्हणजे तीस-चाळीस लाखांच्या घरातला आकडा आहे. नंदुरबारमधल्या धडगावच्या शेतमजुराला तो अठरा कोटींइतकाच दूर आहे. बिरसा १०१ ला अजून रुग्णांवरच्या चाचण्यांत सुरक्षितता आणि परिणाम सिद्ध करायचे आहेत. ते होईल तेव्हा या उपचाराचा खर्च सरकारी योजनेतून व्हायला हवा, हे आत्ताच ठरलं पाहिजे. ज्या बिरसांचं नाव घेतलं, त्यांच्या लोकांना तो परवडला नाही, तर नावाला अर्थ उरणार नाही.

पाड्यावरची परीक्षा

उपकेंद्रात किंवा आश्रमशाळेच्या ओसरीवर होणारी सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट जवळून पाहण्यासारखी असते. छोट्या नळीत द्रावण असतं. मुलाच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्यात टाकतात. द्रावणातला एक घटक पेशी फोडतो, दुसरा हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेतो. मग काही मिनिटं थांबायचं. नळीच्या मागे काळ्या रेघा छापलेलं कार्ड धरतात. द्रावण गुलाबी आणि नितळ राहिलं, रेघा स्पष्ट दिसल्या, तर मूल निर्दोष. गढूळ झालं, रेघा नाहीशा झाल्या, तर सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. पॉलिंग यांनी हेरलेला तोच रेणू आरोग्यसेविकेच्या हातातल्या नळीत डोळ्यांना दिसतो. मग वाहक की रुग्ण, हे ठरवायला नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांसाठी पुढे जातो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ही टेस्ट उपयोगाची नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं.

जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन हे उद्दिष्ट आणि त्यासाठी आधी चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोक तपासले गेले आणि दोन लाखांहून अधिक रुग्ण, सोळा लाखांहून अधिक वाहक सापडले. हे मोठं काम आहे. पण सापडलेल्या माणसाला पुढे काय मिळतं, हा खरा प्रश्न. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात सिकलसेलची पाहणी केली. त्या काळी निदान हाती देता येत होतं, त्यापुढे फारसं काही देता येत नव्हतं. आज ती सबब उरलेली नाही.

कारण साधे उपाय सिद्ध झालेले आहेत. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. जमैकात ग्रॅहम सर्जंट यांच्या पथकाने आयांना बाळाची पांथरी चाचपायला शिकवलं. डाव्या बरगडीखाली बोटं ठेवायची, पांथरी अचानक मोठी लागली आणि बाळ पांढरंफटक पडलं, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठायचं. एवढ्या शिकवणीने मृत्यू कमी झाले. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून आजार सौम्य असतो, असा समज दीर्घकाळ होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातली मुलं गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असूनही गंभीर आजारी होती. रोज, किलोमागे दहा मिलिग्रॅम अशा कमी मात्रेच्या हायड्रॉक्सीयुरियाने त्यांचे क्रायसिस आणि रक्त चढवण्याची गरज लक्षणीय घटली. २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या चाचणीतही याच औषधाने मुलांच्या वेदना, संसर्ग आणि मृत्यू कमी झाल्याचं दिसलं.

हायड्रॉक्सीयुरिया भारतात बनतं आणि महाग नाही. ‘कॅन्सरची गोळी’ म्हणून घरचे घाबरतात, मधूनमधून रक्ततपासणी लागते, प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा संपतो, बस चुकते, मजुरी बुडते. औषध आणि रुग्ण यांच्यात आज एवढंच अंतर आहे आणि ते कापायला कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

आणखी एक गोष्ट समजून घेण्याची गरज आहे. वाहक असणं हा आजार नव्हे. ‘एएस’ माणूस बहुतेक वेळा निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. प्रत्येक वेळी नव्याने २५ टक्के, पहिलं बाळ कसं आहे याच्याशी दुसऱ्याचा संबंध नाही. दोष दोघांकडून येतो, तरी बोल मात्र सुनेला लागतो. तपासणीनंतर मिळणाऱ्या कार्डावर ‘वाहक’ लिहिलं म्हणून मुलीचं जमलेलं लग्न मोडतं, हा तपासणीचा अपमान आहे. त्या कार्डाचा उपयोग एकच, दोघांनी आधी जाणून घेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने निर्णय करणं. गर्भावस्थेत निदानाची सोयही आता आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने सिकलसेलला दिव्यांगत्वात स्थान दिलं आहे, तो हक्कही पुष्कळांना ठाऊक नाही.

वाचकहो, तुमचं मूळ गाव विदर्भात, सातपुड्यात किंवा खानदेशाच्या डोंगराळ भागात असेल, घरात कुणाचे सांधे-हाडं वारंवार ठणकत असतील, डोळे पिवळे राहत असतील किंवा लग्नाची बोलणी चालू असतील, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. रुग्ण घरात असेल तर हायड्रॉक्सीयुरियाबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आणि केंद्रात औषध नसेल, तर ते मागणं हा तुमचा हक्क आहे, तो मागत राहा.